साऱ्यायची गाडी

शनिवार, दिनांक तेरा जानेवारी दोन हजार चोवीस रोजी, सकाळी अकरा वाजून वीस मिनिटांनी, हिंगोली येथील एका महाविद्यालयाच्या सभागृहात, पहिल्या रांगेतील डावीकडून तिसऱ्या खुर्चीवर बसलेल्या प्रेमानंद नावाच्या भूगोलाच्या प्राध्यापकाच्या कानावर व्यासपीठावरून एक वाक्य आले, आणि ते वाक्य आपले आहे हे त्याने जागच्या जागी ओळखले. बोलणारा त्याचा धाकटा भाऊ प्रज्ञेश होता. प्रज्ञेश एकोणीस वर्षांपासून कॅनडातल्या एका मोठ्या शहराच्या रेल्वे-नियोजन कार्यालयात नोकरीला होता, चार दिवसांसाठी घरी आला होता, आणि आलाच आहे तर त्याने विद्यार्थ्यांशी चार शब्द बोलावेत ही सूचना खुद्द प्रेमानंदनेच प्राचार्यांना केली होती. निमंत्रणपत्राचा मसुदा त्याचा होता. फलकावर ‘प्रज्ञेष’ असे छापून आलेले नाव दुरुस्त करून घेण्यासाठी काल संध्याकाळी छापखान्यात तासभर उभा राहिलेलाही तोच होता. म्हणजे ज्या मांडवात आपल्याला लुटले गेले त्याचे खांब आपणच रोवले होते, असे त्याला पुढे दिवसभर वाटत राहिले.

पडद्यावर एका स्टेशनाचे छायाचित्र होते. भोवती कापून नेलेल्या मक्याचे रान, त्यावर विरळ बर्फ, क्षितिजापर्यंत घर म्हणून नाही, आणि मधोमध एक फलाट, एक काचेचा आडोसा व दोनेक हजार मोटारी, शाळेतल्या प्रार्थनेसारख्या ओळीने उभ्या. शहराची उपनगरी रेल्वे इथे संपते, प्रज्ञेश सांगत होता. लोक घरून मोटारीने येतात, ती इथे ठेवतात आणि पुढे रेल्वेने कामाला जातात. तेव्हा मागच्या बाकावरून सपना नावाची एक विद्यार्थिनी उठली. “सर, गाव न्हाई, घर न्हाई, मानूस न्हाई. मंग रेल्वे तिथं काहून नेऊन टेकवली?” सभागृह हसले. प्रज्ञेशही हसला, आणि त्याने बोटांवर मोजत कारणे सांगितली. तिथली जमीन स्वस्त. मुक्कामाच्या गाड्या उभ्या करायला आणि धुवायला ऐसपैस जागा लागते, ती शहरात मिळत नाही. मालगाडीचे जुने रूळ तिथवर आधीच पडलेले होते. शिवाय त्या भागातली घरे इतकी पांगलेली, की कुठल्याही एका वस्तीत स्टेशन नेले तरी उरलेल्या दहा वस्त्यांना ते लांबच. आणि त्या एका वस्तीलाही आपल्या दारात रोज सकाळी दोन हजार मोटारी नको असतात. म्हणून रस्ते जिथे एकत्र येतात तिथे, शहराच्या कोंडीच्या आधी, माळावर स्टेशन करायचे. एवढे सांगून तो क्षणभर थांबला, त्याने माईक तोंडापासून जरा दूर धरला, आणि आवाज बदलून म्हणाला, “आमच्याकडे फाट्यावर सायकल ठेवून एसटीनं जातात, तसंच हे. आमच्याकडे म्हणतात, गाडी कोनाच्याच गावात नाही जात, म्हनून ते साऱ्यायची हाय.”

टाळ्या पडल्या. व्याख्यानात अधूनमधून शिष्टाचाराच्या पडतात तशा नव्हेत. ज्यांना काहीतरी एकदम कळले आहे अशा माणसांच्या टाळ्या. तीस वर्षांच्या अध्यापनात प्रेमानंदला तशा टाळ्या एकदाही मिळाल्या नव्हत्या, आणि आता त्या त्याच्याच वाक्याला, त्याच्या डोळ्यांदेखत, दुसऱ्याच्या नावावर पडत होत्या. आठवडी बाजारात परक्या माणसाच्या अंगावर आपला हरवलेला सदरा दिसावा, आणि आपल्यापेक्षा तो त्यालाच बरा बसावा, तसे काहीसे त्याला झाले. छातीच्या डाव्या बाजूला, बरगडीच्या खाली, काहीतरी गरम आणि बारीक सरकत गेले. दुखणे म्हणता येईल इतके ते मोठे नव्हते. शेजारच्या खुर्चीवर त्याची पत्नी संध्या बसली होती, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका, पन्नाशीची, कानांमागे केस पांढरे झालेली. तिने टाळ्या वाजवल्या नाहीत हे त्याने पाहिले. तिला तरी कळले, असे मनाशी म्हणत त्याने त्या गोष्टीचा आधार घेतला. ती मान खाली घालून हसत होती, हेही त्याने पाहिले. त्याचा अर्थ मात्र त्याने लावला नाही.

आपले म्हणजे किती आपले, हे सिद्ध करण्याची सवय त्याच्या हाडीमाशी होती. वर्तमानपत्रातल्या अग्रलेखावर पेन्सिलीने खुणा केल्याशिवाय त्याचा चहा संपत नसे. लग्नपत्रिकेतले शुद्धलेखन तपासून मगच तो आहेराचा विचार करी. दुपारी घरी येताच त्याने कपाटातून महाविद्यालयाचा २००९ चा वार्षिक अंक काढला. पान एकेचाळीस, ‘ग्रामीण वाहतूक आणि फाटा’, लेखक प्रेमानंद. वाक्य जिथल्या तिथे होते: ‘प्रस्तुत लेखकाचे निरीक्षण असे आहे की, बस कोणत्याही एका गावात जात नाही, म्हणूनच ती सर्वांची असते.’ अंक बरोबर पंधरा वर्षांचा. त्याही आधीची आठवण त्याच्यापाशी होती, आणि ती तर छापील पानापेक्षा लख्ख होती. जांभळी हे त्यांचे गाव कुरुंद्याच्या अलीकडे, डांबरी रस्त्यापासून तीन किलोमीटर आत. गावाची वाट जिथे मोठ्या रस्त्याला मिळते तो जांभळी फाटा. तिथे सोनाजीचे हॉटेल, म्हणजे चार पत्रे, एक भट्टी आणि दोन बाके. सात गावांची माणसे तिथे सायकली भिंतीला टेकवून एसटी पकडायची. कुलूप कुणी लावत नसे, कारण सोनाजीची नजर हेच कुलूप. आणि त्या आठवणीत हिवाळ्याची सकाळ आहे. सायकलचे हँडल बोटांना चावते इतके गार. सीटवर दव पडले आहे आणि ते पुसून घेतले आहे. धुक्यात औंढ्याकडून एसटीचे दोन पिवळे डोळे येत आहेत, शेजारी सतरा वर्षांचा प्रज्ञेश जांभया देत उभा आहे, आणि ती बस गावात का येत नाही या त्याच्या कुरकुरीवर ते वाक्य बोलले जाते.

राहता राहिला एक शब्द. साऱ्यायची. जांभळीत कुणी साऱ्यायची म्हणत नाही. जांभळीत म्हणतात सगळ्यायची, नाहीतर समद्याची. ‘साऱ्यायची’ हे सेनगावच्या पलीकडचे, वऱ्हाडाच्या वाऱ्याचे बोलणे. प्रेमानंदने हा पुरावा स्वतःच शोधला, आणि शोधताच तो आपल्या बाजूने उभा केला. त्र्याण्णव ते सत्त्याण्णव अशी चार वर्षे, नव्या लग्नाची आणि नव्या नोकरीची, तो सेनगाव तालुक्यातल्या गोरेगावला एका शाळेवर होता. खोली करून राही, शनिवारी गावी येई. त्या चार वर्षांत तिकडची लकब त्याच्या जिभेला लागली असणार. सोमवारी पहाटे परत जाताना तो फाट्यावर थांबे, प्रज्ञेश अकरावीला वसमतला जाण्यासाठी तिथेच थांबे, आणि संध्याही, कारण लग्नानंतर सासऱ्यांनी तिला वसमतच्या अध्यापिका विद्यालयात घातले होते. तेव्हा शब्द गोरेगावचा, फाटा जांभळीचा, आणि दोन्ही ठिकाणी पाय असलेला माणूस एकच. हा युक्तिवाद त्याला इतका आवडला की काही मिनिटे त्याला बरे वाटले.

पण जेवताना पुन्हा ते गरम आणि बारीक सरकले. संध्याने प्रज्ञेशच्या ताटात भाकरीचा वरचा पापुद्रा वेगळा काढून, त्यावर तेल-तिखट घालून वाढला. त्याने मागितला नव्हता. “अजून ध्यानात हाय वैनी?” तो म्हणाला. “फाट्यावर रोज माझ्या डब्यातला तेवढाच उचलायचे तुमी,” ती म्हणाली, “उरलेली जाड भाकर मला ठेवून.” रोज. प्रेमानंदने घासाबरोबर तो शब्दही चावला. आठवड्याचे सहा दिवस, दोन वर्षे, पहाटेचा अर्धा तास. तेवढे बोलणे त्याने आपल्या बायकोशी एकतीस वर्षांत मिळून तरी केले होते का? आपल्या पानात तसा पापुद्रा कधी आला नाही, असेही त्याच्या मनात आले. आपण तो कधी मागितला नाही, हे नंतर आले. प्रज्ञेशचा हेवा करणे त्याला नवे नव्हते. तो दहावीत पहिला आला तेव्हा, परदेशी गेला तेव्हा, माय शेवटच्या दिवसांत थोरल्याला धाकट्याच्या नावाने हाक मारू लागली तेव्हाही त्याने हेवा केला होता; पण तो सगळा मिळालेल्या गोष्टींचा होता आणि नशिबाच्या नावे टाकून देता येत होता. हा वेगळा होता. ह्यात त्याच्या घरातून काहीतरी गेले होते, आणि काय गेले हे त्याला नीट सांगता येत नव्हते.

दुपारी दोनला जांभळीला निघायचे ठरलेच होते. निघताना त्याने वार्षिक अंक पिशवीत घातला. फाट्यावर सोनाजीच्या साक्षीने विचारायचे आणि प्रज्ञेशच्या तोंडून कबुली घ्यायची, मग सोडून द्यायचे, असे त्याने ठरवले. कबुलीपलीकडे त्याला काही नको होते. भाड्याची मोटार होती, चालक किसनसिंग. थोरला म्हणून प्रेमानंदला मानाने पुढे बसवले गेले, म्हणजेच मागे ती दोघे. औंढ्यापर्यंत रस्त्याच्या दोन्ही अंगांना हळदीची पाने वाळून पिवळी पडलेली होती, काही रानांत काढणी चालू होती, आणि उकडलेल्या हळदीचा मातकट वास काचा लावूनही आत येत होता. प्रेमानंद समोर पाहत होता. त्याचे सगळे लक्ष पाठीत होते.

“वैनी, ते कंडक्टर काय झाले हो? ‘मागं सरका, मागं लई हवा हाय’ म्हननारे?”

“रिटायर झाले. नातीला सोडायला येतात आमच्या शाळेत. परवा पालकसभेत गर्दी झाली, तर मलाच म्हणले, बाई, मागं सरका.”

दोघेही हसली. प्रज्ञेशचे हसणे मोठे होते, संध्याचे दबलेले, ओठांवर हात धरल्यासारखे. ते हसणे प्रेमानंदने फार दिवसांत ऐकले नव्हते, आणि ते असे हुबेहूब शिल्लक होते, कुठेतरी जपून ठेवलेले, याचेच त्याला नवल वाटले. आरशात त्याला तिचा अर्धा चेहरा दिसे. मोटार वळली की तोही जाई. किसनसिंग हलक्या आवाजात म्हणाला, “सर, मैडम और साहब एक ही गाँव के हैं क्या? बचपन के दोस्त लगते हैं।” “देवर-भाभी हैं,” प्रेमानंद म्हणाला, आणि आपल्या आवाजात परीक्षेच्या पर्यवेक्षकाचा कोरडेपणा उतरला आहे हे त्याला ऐकू आले. किसनसिंगने गाणे लावले आणि लगेच बंद केले.

फाटा रुंद झाला होता. मोठा रस्ता आता चौपदरी. वडाचे झाड गेलेले. सोनाजीच्या चार पत्र्यांची लांबलचक शेड झालेली, आणि तिच्याखाली चाळीसेक मोटरसायकली ओळीने उभ्या, हँडलांना पिशव्या अडकवलेल्या, मालक हिंगोलीला नाहीतर नांदेडला कामाला गेलेले. सकाळी पडद्यावर पाहिलेल्या बर्फातल्या ओळी प्रेमानंदला आठवल्या आणि त्या इथल्यांपेक्षा मुळीच वेगळ्या वाटल्या नाहीत. वाक्य खरे होते. ते इतके खरे नसते तर त्याला एवढे लागलेही नसते. सोनाजी कानटोपी घालून गल्ल्याशेजारी बसला होता, ऐंशीच्या घरातला, डोळ्यांत मोतीबिंदूची साय.

“जय भीम, सोनाजीमामा.”

“जय भीम. कोन, गुर्जी का? अन् हे धाकलं? पार सायेब झालं की. बाई, तुमी बसा हितं, तुमच्याच जागी. त्या बाकावर तुमच्यानंतर लई जन बसले, पर सायकल नीट लावनारं एक न्हाई आलं.”

चहा आला. प्रेमानंदने पिशवीतून अंक काढून बाकावर ठेवला, पान एकेचाळीस उघडले, चष्मा लावला आणि ते वाक्य शांतपणे वाचून दाखवले. मग विचारले, “प्रज्ञेश, आज सभेत तू हे वाक्य बोललास. हे कुणाचं, ते सांग.”

प्रज्ञेशने आधी अंकाकडे पाहिले, मग संध्याकडे. तो गोंधळला नव्हता. आज वार कोणता असे कुणी विचारावे, तसा त्याचा चेहरा होता. “हे? हे तर वैनीचं हाय, दादा. हितंच बोलल्या. मी बस गावात कामून येत न्हाई म्हणून रडत होतो, तवा.”

“मी बोललो होतो. सोमवारी सकाळी. तू इथं उभा होतास, मी इथं.” त्याने बोटाने जागा दाखवली. “मामा, तुम्ही सांगा. मी सोमवारी पहाटे इथं थांबायचो का नाही?”

सोनाजीने कप खाली ठेवला. “तुमी? पहाटंचं? गुर्जी, तुमी आइतवारी सांजच्यालाच जायचे की दुधाच्या टेम्पोवर. सोमवारी तुमचा पयला तास ऱ्हायचा म्हने. हितं सकाळची बाई ऱ्हायची अन् हे पोरगं. तुमाला सकाळच्या पारी म्या कधी च्या पाजला असंल, तर या पांढऱ्या केसायची आन.”

दुधाचा टेम्पो. मागच्या कॅनांवर बसून केलेला प्रवास, पँटीला लागणारे आंबूस ओलेपण, सेनगावला उतरून गोरेगावची शेवटची जीप. ते सगळे तत्काळ, काही न शोधता, त्याच्यासमोर येऊन उभे राहिले, आणि त्यात धुके नव्हते, दव नव्हते, पिवळे डोळे नव्हते. मग ती दुसरी आठवण कुणाची? त्याने तिला पुन्हा हात घातला, एखादे उदाहरण फळ्यावर पुन्हा सोडवून पाहावे तसा. गार हँडल. जांभया देणारा प्रज्ञेश. सीटवरचे दव, ते पुसले जाते. कशाने? तो तिथे थांबला. आठवणीतला हात खाली येतो, दोन बोटांत कापडाचे टोक धरतो आणि सीट पुसतो, आणि ते कापड निळे आहे, त्याला बारीक पांढरी किनार आहे, आणि ते खांद्यावरून आले आहे. आपल्या खांद्यावर पदर कधीच नव्हता. एखाद्या शनिवारी रात्री, कंदील बारीक करून, नवी नवरी आठवडाभराचे सगळे सांगत असणार, तिच्या साऱ्यायच्या-कोनाच्या बोलीत, आणि आपण ऐकत होतो. म्हणजे एकदा तरी मन लावून ऐकले होते, इतके की तिचे पाहणे आपले झाले. तिचे माहेर सेनगावच्या पलीकडे, रिसोडच्या वाटेवर. साऱ्यायची हा शब्द गोरेगावला शिकायला जाण्याची त्याला काय गरज होती? तो तर लग्नात घरी आला होता. पहिली दोन-तीन वर्षे तिच्या तोंडी असले शब्द येत आणि तो ते दुरुस्त करी, प्रेमाने, हसत, ‘शिक्षिका व्हायचंय ना तुला’ असे म्हणत. आणि पुढे ते यायचे थांबले. ते कुठे गेले असे त्याने कधी विचारले नाही. एक माणूस ते ऐकून घेऊन सातासमुद्रापार गेला होता आणि अनोळखी लोकांना जसेच्या तसे ऐकवीत होता.

ह्या विचाराने तो शांत व्हायला हवा होता. उलट मत्सराला आता खरे पाय फुटले. वाक्य आपले नाही हे एकवेळ सोसता येईल. पण ते जपणारा आपण नसून हा आहे, हे सोसवेना. वाद घालणाऱ्या माणसाची एक खोड असते, हरलेला मुद्दा सोडून तो शेजारचा उचलतो. प्रेमानंदने उचलला.

“ठीक आहे. हिचं आहे. मग सभेत नाव का नाही घेतलंस? ही पहिल्या रांगेत बसली होती. ‘आमच्याकडे म्हणतात’ म्हणजे काय? कोण म्हणतात?”

प्रज्ञेशचा चेहरा आता पडला. “दादा, तिकडं बैठकीत बी मी असंच म्हणतो. आठ-दहा वर्षं झाली. गावाकडची म्हण म्हणून सांगितली की लोक ऐकतात. भावजय म्हणाली म्हटलं, तर...”

“तर काय? भावजयीच्या वाक्याला टाळ्या पडत नाहीत?”

“चुकलंच माझं. वैनी, खरंच चुकलं.”

“याला चोरी म्हणतात,” प्रेमानंद म्हणाला, आणि सकाळपासून पहिल्यांदाच त्याला पूर्ण श्वास घेता आला. “संध्या, तूच सांग. वाक्य तुझं, निवाडाही तूच कर. मी ऐकून घेतो.”

संध्याने बाकावरचा अंक उचलून मांडीवर घेतला होता. ती पान एकेचाळीस वाचत होती, पण कुणी नवे काही वाचावे तसे नव्हे. “ह्याची प्रुफं मीच तपासली होती,” ती म्हणाली. “तुमाला ताप होता तवा. ‘प्रस्तुत लेखकाचे निरीक्षण’ ह्यातल्या निरीक्षणाचा री ऱ्हस्व पडला होता, तो मी दीर्घ केला.”

“मग तेव्हाच का नाही बोललीस?”

“तुमी इचारलं न्हाई.” हे बोलताना तिच्या तोंडून इ आला, वि आला नाही, प्रेमानंदच्या जिभेवर दुरुस्ती आली, आणि तिथेच अडकली. मोठ्या रस्त्यावरून एक बस न थांबता निघून गेली, तिच्या वाऱ्याने शेडखालच्या पिशव्या हलल्या. संध्याने अंक मिटून नवऱ्याच्या हातात दिला, आणि वर्गात दोन मुलांचे भांडण मिटवताना बोलावे तशा, न रागावलेल्या आवाजात बोलली.

“भावजीनं माझं नाव गाळलं. तुमी नाव गाळलं, अन् माझं बोलनं बी सुदारून टाकलं. जास्त चूक तुमची हाय.”